फिलिबुस्टेरची पणती

आमच्या वाल्देमार गावात सांगतात, की टेक्लामावशीच्या पणजोबाने क्यूबाच्या समुद्रात सात जहाजं लुटली आणि त्यातलं सोनं तिच्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली पुरलेलं आहे. ही अफवा पसरवण्यात माझाही थोडाफार हात आहे, तेव्हा दुरुस्तीही मीच केलेली बरी. सोनं नाही. मागच्या उन्हाळ्यात मोरीचा पाइप फुटला तेव्हा ती फरशी मी स्वतःच्या हाताने उचलली होती. खाली वाळू, एक गंजका चमचा आणि मिठाच्या पिंपाचं झाकण. आणि जहाजांचं म्हणाल, तर पणजोबा बाल्दिरी एकाच जहाजावर होता, तिथे तो आचारी होता. त्याने लुटलंच असेल तर खलाशांच्या ताटातलं मांस.

मग अफवा आली कुठून, तर घराच्या नावावरून. आमच्याकडे आडनावाचा उपयोग फक्त पोस्टमनला, आणि तोही वैतागतो, कारण अर्धं गाव विला आहे आणि उरलेलं अर्धं फेरेर. माणूस ओळखायचा तर घर विचारावं लागतं: कोल्ह्याचं घर, शिंप्याचं घर, उलट्या टोपीचं घर. मी सुक्या मांजराच्या घरातला. का, ते विचारू नका. टेक्लामावशीचं घर फिलिबुस्टेरचं.

बाल्दिरी क्यूबाहून परतला तेव्हा तिथे आमच्याच सरकारविरुद्ध बंड पेटलं होतं. इथे गुत्त्यात बसून तो एवढंच म्हणाला, की त्या बेटावरच्या लोकांचं अगदीच चुकतंय असं काही नाही. शेजारच्या टेबलावर पोलीस हवालदार होता. तो म्हणाला, "बघा, आला फिलिबुस्टेर." त्या काळी बंडखोरांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांना हीच शिवी होती. त्याआधी पूर्वापार त्या समुद्रातल्या चाच्यांना तसं म्हणत. रविवारपर्यंत नाव दाराला चिकटलं. पुढे बंड संपलं, हवालदार मेला, बंडखोरवाला अर्थ गाव विसरलं आणि चाचे तेवढे उरले, कारण चाचे कोणाला आवडत नाहीत? शाळेत टेक्लाला मुलं म्हणायची, "तुझ्या पणजोबांचा लाकडी पाय दाखव की." एकदा तिने खरोखरच खुर्चीचा मोडका पाय नेऊन दाखवला. त्यानंतर कोणी मागितला नाही.

या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, हे गावाला टीव्हीमुळे कळलं. टेक्लामावशीला ते टीव्हीच्या आधीपासून ठाऊक होतं. पंचायतीच्या कपाटात ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते आणि दुपारी पंचायतीत काम नसे. एक दिवस दारात मला गाठून म्हणाली, "कायदेमंडळात नुसतं बोलत राहून मतदान होऊच न देणारा जो असतो ना, त्यालाही फिलिबुस्टेर म्हणतात."

मी म्हटलं, "मग मावशी, या परीक्षेत तुम्ही नापास. तुम्ही दिवसाला नऊ शब्द बोलता."

"आठ," ती म्हणाली आणि आत गेली.

हे मात्र खरं होतं. बाई बोलायची नाही. बाराव्या वर्षी ती मासे खारवायच्या कारखान्यात लागली. मांदेलीएवढाले मासे, अंगठ्याने डोकं मोडायचं, आतडं त्याच ओढीत बाहेर काढायचं, मग पिंपात एक थर मासे, एक थर मीठ. तिथे बोललं तर तोंडात मीठ जातं. तिसाव्या वर्षी ती पंचायतीची शिपाई झाली. आमच्या गावात शिपायाने दवंडीही द्यायची असते, पितळी तुतारी वाजवून. बाई माणूस तुतारी वाजवणार म्हणून पहिल्या दिवशी अख्खं गाव हसायला चौकात जमलं. तिने अशी फुंकली, की उलट्या टोपीच्या घरची कोंबडी खुराड्यातून थेट चर्चच्या पायऱ्यांवर. हसणं तिथेच संपलं.

एकतीस वर्षं तिने दवंडी दिली. "सरपंचांच्या आदेशाने कळविण्यात येते की," इथून सुरुवात. उद्या पाणी येणार नाही. सार्दीन माशांची होडी लागली आहे. एक तपकिरी कुत्रं सापडलं आहे, डावा कान फाटका. सगळं दुसऱ्यांनी लिहून दिलेलं, आणि ती एक शब्द इकडचा तिकडे करत नसे. तिची आई वारली त्या दिवशीही शिपाई तीच होती. चार कोपऱ्यांवर थांबून, त्याच आवाजात, "सरपंचांच्या आदेशाने कळविण्यात येते की फिलिबुस्टेरच्या घरची कार्मे निवर्तली, दफन चार वाजता." चौथ्या कोपऱ्यावर माझी आई उभी होती. ती म्हणाली, "टेक्ला, आज तरी दुसऱ्या कोणाला सांगायचंस." टेक्ला म्हणाली, "कोणाला येतंय वाजवायला?"

नंतर लाउडस्पीकर आला, मग मोबाइल आले, आणि ती निवृत्त झाली. निवडणुकीच्या वेळी विरोधी यादीत एक नाव कमी पडत होतं, जागा भरायला म्हणून तिचं घातलं. आमच्यासारख्या लहान गावात पक्षाला नाही, नावापुढे फुली मारायची असते. यादीतल्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त फुल्या तिला पडल्या. पाच जणांची पंचायत, त्यात ती एक. दोन वर्षं ती सभेत फक्त "हो" नाहीतर "नाही" म्हणाली. सरपंच जोफ्रे तिच्यावर खूश होता. म्हणायचा, "विरोधक असावा तर असा."

आता माझ्या भावाकडे येतो.

पुळणीच्या वरच्या अंगाला पंचायतीची मोकळी जागा आहे. होड्या तिथे ओढून ठेवतात, जाळी वाळत घालतात, आणि एका कोपऱ्यात होड्या ओढायचं जुनं लाकडी दांड्यांचं चक्र आहे. पूर्वी तिथे चाळीस होड्या असत. आता तीन, त्यातल्या दोन रविवारच्या हौशी. रोज समुद्रावर जाणारी एकच, माझा मोठा भाऊ बर्नाट याची. बार्सिलोनाच्या एका कंपनीने ती जागा वीस वर्षांच्या कराराने मागितली. आरामखुर्च्या, छत्र्या, संगीत, थंड पेयं. जागा गेली तर बर्नाटला होडी अठरा किलोमीटरवरच्या बंदरात ठेवावी लागणार. पहाटे मोटारीने तिथे जाऊन, समुद्रावरून येऊन, पुन्हा मोटारीने परत, हे एकसष्टाव्या वर्षी कोण करतं? तो काही बोलला नाही. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे. पण त्या शरदात त्याने होडीला रंग लावला नाही. वहिनी मला म्हणाली, "भावजी, ते विकणार आहेत."

कंपनीचा देकार नोव्हेंबरअखेरपर्यंतच होता. एक तारखेपासून तो रद्द, मग ते शेजारच्या गावची पुळण घेणार होते, हे कागदावरच लिहिलेलं होतं. पाचपैकी तीन मतं जोफ्रेच्या खिशात: तो स्वतः, औषधवाली ब्लांका आणि हॉटेलवाला एर्मेंगोल. विरोधातला दुसरा सभासद गुडघा बदलायला हॉस्पिटलात. म्हणजे तीन विरुद्ध एक. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, साडेअकराला सभा. गुरुवारीच का, तर आमच्या सचिव केराल्टबाई एकट्या चार गावं सांभाळतात. आमच्या वाट्याला गुरुवारची सकाळ. सव्वाला त्या गाडीत बसतात, कारण दोनला फोंट्रोकाची सभा. सचिवाशिवाय सभा म्हणजे नुसत्या गप्पा, कायद्याने तिला अर्थ नाही.

सभेला मी गेलो होतो. बर्नाटही आला, मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला. पुढे कंपनीचा माणूस, कोटाच्या खिशात दोन पेनं. एर्मेंगोलने हॉटेलात दीडचा भात सांगून ठेवला होता. गुरुवार म्हणजे भाताचा दिवस, आणि हा खास, झिंगे आणि माकूळ घालून, सह्या झाल्यावर खायचा.

"पहिला विषय," जोफ्रे म्हणाला, "मागच्या सभेचं इतिवृत्त. वाचलं असं समजू या?"

हे वाक्य माझ्या आठवणीत दर सभेला म्हटलं गेलंय आणि दर सभेला सगळ्यांनी मान हलवलीय.

"नको," टेक्लामावशी म्हणाली. "वाचू या."

जोफ्रेने पंख्याकडे पाहिलं, जणू आवाज तिथून आला. "मावशी, अकरा पानं आहेत."

"मोजली मी."

केराल्टबाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मागच्या सभेत स्मशानातल्या कोनाड्यांची नवी नोंदणी झाली होती. कुठला कोनाडा कोणाचा, अशी एकसष्ट नावांची यादी. पहिलंच नाव, पेरे विला.

"माझी हरकत आहे," मावशी म्हणाली. "कुठला पेरे विला?"

"म्हणजे?" जोफ्रे.

"गावात चार आहेत. त्यातले दोन जिवंत. जिवंताच्या नावावर कोनाडा चढला तर त्याला वाईट वाटेल."

मागून हसू आलं. दोन जिवंतांपैकी एक मागेच बसला होता. तो म्हणाला, "मला घाई नाही हं, केराल्टबाई."

"प्रत्येक नावापुढे घराचं नाव लिहा, एवढीच दुरुस्ती," मावशी म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा. हा पेरे उलट्या टोपीच्या घरचा. टोपी उलटी का, तर त्याचा आजा लग्नात..."

आणि ती सांगू लागली. मी तिला पन्नास वर्षं ओळखतो, माझ्या जन्मापासून शेजार, आणि मला तिचा आवाज म्हणजे तुतारीनंतरचा सरकारी आवाज एवढाच माहीत होता. हा निराळा होता. घाई नाही, चढउतार नाही, पण ऐकणारा उठून जाणार नाही असा. उलटी टोपी झाली. मिठागरवाले झाले. दोन बहिणींचं घर झालं, ज्या चाळीस वर्षं एका छपराखाली राहिल्या आणि एकमेकींशी मांजरीमार्फत बोलल्या. "मांजरी, हिला सांग तेल संपलंय." एकतीस वर्षं ती दारोदार फिरली होती आणि लोक शिपायासमोर सगळं बोलतात, शिपाई म्हणजे भिंतच.

पाचव्या नावाला जोफ्रे सावध झाला. "मावशी, हे छान आहे, पण वेळेची मर्यादा असते. आपल्याच नियमावलीत आहे. पान चार. केराल्टबाई, वाचा."

केराल्टबाईंनी नियमावली उलटली, सुलटी केली. "पान तीननंतर पान पाच आहे."

"असं कसं?"

ही नियमावली तीस वर्षांपूर्वी आम्ही तालुक्याच्या गावाची घेतली होती. घेतली म्हणजे झेरॉक्स काढली आणि गावाचं नाव बदललं. झेरॉक्स कोणी काढली असेल? सभागृहातली सगळी तोंडं एकदम टेक्लामावशीकडे वळली.

"मशिनीत कागद अडकला होता," ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं. तेव्हाचे सरपंच म्हणाले, 'असू दे, कोण वाचणार आहे.' त्यावर तुम्ही सगळ्यांनी मतं दिलीत. ब्लांका, तू पण होतीस."

ब्लांका म्हणाली, "मला कुठे माहीत होतं पान नाहीये?"

"म्हणजे वाचलं नव्हतंस."

बारा वाजून गेले. कंपनीच्या माणसाने एक पेन काढून पुन्हा ठेवलं. मावशीचा घसा कोरडा पडू लागला. मी पुढे होऊन बडिशेपेच्या गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली. जोफ्रे म्हणाला, "श्रोत्यांनी सभासदांना खाऊ घालायचा नाही." मी म्हटलं, "तेही पान चारवर असेल." मला बाहेर काढायची धमकी मिळाली, पण पुडी तिथेच राहिली.

तरीही तेवढ्यावर भागलं नसतं. एका नावाला दोन-तीन मिनिटं, आणि लोक ऐकता ऐकता चुळबुळायला लागले होते. एर्मेंगोल सारखा दाराकडे बघत होता. तो उठून म्हणाला, "सरळ मतदानच घ्या इतिवृत्तावर, हरकत फेटाळा." हे त्याला जमलं असतं. तीन मतं होतीच. मला वाटलं, संपलं. बर्नाटने टोपी हातात घेतली.

जोफ्रे म्हणाला, "बरोबर आहे. हे शेवटचं नाव, मग मतदान. कितवं?"

"एकोणीस," केराल्टबाई म्हणाल्या. "आग्नेस फेरेर."

"कोल्ह्याच्या घरची," मावशी म्हणाली.

"नाही," जोफ्रे म्हणाला.

इथे तो फसला. आमच्या गावचा माणूस कर चुकवेल, रविवारचं चर्च चुकवेल, पण नात्यागोत्याची चूक त्याच्या घशाखाली उतरत नाही. बाहेरगावचा सरपंच असता तर "बरं, बरं, कोल्ह्याची" म्हणून पुढे गेला असता. जोफ्रेला ते शक्यच नव्हतं, कारण आग्नेस फेरेर त्याची आजी.

"माझी आजी शिंप्याच्या घरची," तो म्हणाला.

"शिंप्याच्या घरात ती लग्न होऊन आली. जन्म कोल्ह्याच्या घरात."

"मावशी, माझी आजी मला माहीत नसेल का?"

"तुम्ही चार वर्षांचे असताना गेली ती."

"कोल्ह्यांशी आमचा कधी संबंधच नव्हता. बोलणंसुद्धा नव्हतं."

"बोलणं नव्हतं ते संबंध होता म्हणूनच."

जोफ्रेचे कान लाल झाले. त्याने मोबाइल काढला, आईला लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. एर्मेंगोलने कपाळाला हात लावला. म्हातारीला फोन उचलायलाच तीन मिनिटं लागली.

"आई, मी सभेत आहे. आजी कुठल्या घरची?"

"कोण आजी?"

"आग्नेसआजी. शिंप्याच्या घरची ना?"

"कोल्ह्याच्या. कोणी सांगितलं तुला?"

"टेक्लामावशी म्हणते."

"टेक्ला आहे का तिथे? टेक्ला, तुझ्याकडची वांग्याची रोपं राहिली गं माझी."

"आणते शनिवारी," मावशी म्हणाली.

"आई, पण मला कोणी कसं सांगितलं नाही?"

मग म्हातारीने सांगायला घेतलं, आणि जोफ्रेने तिला एकदाही थांबवलं नाही. कोल्ह्याच्या घरी दोन होड्या होत्या. एका फेब्रुवारीत वाऱ्याने एक फुटली. आग्नेसचा भाऊ होडी ओढताना चक्राच्या दोरात सापडला आणि त्याचा हात गेला. घर मोडकळीला आलं, आग्नेसला शिंप्याला दिली. तिला ते लग्न म्हणजे विक्रीच वाटली, आणि तिने माहेरच्यांशी बोलणं टाकलं. "ती रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन त्या चक्रावर बसायची," म्हातारी म्हणाली. "कोणी विचारलं तर म्हणायची, वारा खातेय. तुला मांडीवर घेऊन बसायची रे. तू त्या दांड्यांना चावायचास."

बर्नाट मागून हळूच म्हणाला, "दातांचे वळ आहेत अजून. मला वाटायचं कुत्र्याचे."

"जेवायला येणार आहेस का?" म्हातारीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला वीस मिनिटं होती. मतदानाचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ब्लांका डोळे पुसत म्हणाली, "टेक्ला, माझे आजोबा यादीत आहेत का गं?"

"बावीस नंबर," मावशी म्हणाली. "त्यांचं जरा लांबलचक आहे."

"असू दे," ब्लांका म्हणाली.

एर्मेंगोल म्हणाला, "ब्लांका, भात." ब्लांकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तीनतलं एक मत गेलं, म्हणजे हरकत फेटाळणं राहिलंच. जोफ्रे खुर्चीत मागे रेलला होता. एकदा त्याने "मग आता..." अशी सुरुवात केली, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "सरपंच, तुमच्या आजीचं ऐकून घेतलं, आता आमच्या आजोबांचं होऊ द्या." त्याने पुन्हा पाठ टेकली. खरं सांगायचं तर वाक्य पुरं करायचा त्याने फार प्रयत्नही केला नाही.

मावशी थकली होती. आवाज चिरका झाला होता, गोळ्या संपल्या होत्या, टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. पंचविसाच्या पुढे ती प्रत्येक नावाआधी श्वास घ्यायला लागली, तुतारी फुंकण्याआधी घ्यायची तसा, खांदे वर करून. मी मागे वळून बर्नाटकडे पाहिलं. तो घड्याळाकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

चौतिसाव्या नावाला केराल्टबाईंनी लॅपटॉप मिटला. "सव्वा वाजला. मला फोंट्रोकाला जायचंय."

"दहा मिनिटं," एर्मेंगोल म्हणाला. "फक्त हात वर करायचेत."

"वाटेत ट्रॅक्टर असतात," केराल्टबाई म्हणाल्या. पर्स खांद्याला लावून त्या मावशीजवळ थांबल्या. "उरलेली सत्तावीस मला फोनवर सांगा. मला लिहायची आहेत." आणि गेल्या.

कंपनीच्या माणसाने आपली दोन्ही पेनं मोजून घेतली. भात गिचका झाला होता, असं नंतर एर्मेंगोलने सगळ्यांना सांगितलं, आणि तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही अकरा जणांनी जाऊन खाल्ला. मावशी आली नाही. घरी जाऊन गरम दूध पिऊन झोपली.

सोमवारी एक तारीख उजाडली. देकार संपला. छत्र्या आता शेजारच्या गावात आहेत आणि त्यांचं संगीत वारा दक्षिणेचा असला की आमच्यापर्यंत येतं. बर्नाटने त्याच आठवड्यात रंगाचा डबा आणला. डिसेंबरात कोणी होडी रंगवत नाही, रंग वाळत नाही, पण त्याने रंगवली. पहिल्या दिवशी मिळालेले लाल मासे घेऊन तो मावशीच्या दारात गेला. मी खिडकीतच होतो. दोघंही न बोलणारे. त्याने टोपली पुढे केली, तिने घेतली. थोडा वेळ दोघं एकाच दिशेला, समुद्राकडे, बघत उभे राहिले. मग तो परत आला. मी विचारलं, "काय बोललात?" तो म्हणाला, "सगळं बोललो."

मी मात्र बोलून आभार मानणारा माणूस आहे, आणि इथे मानतो. माझा भाऊ सकाळी पाचला खोकत माझ्या खिडकीखालून जातो, माझी झोप मोडतो. मी पांघरुणातून शिव्या देतो आणि मनात म्हणतो, मोडू दे. ही मोडलेली झोप मला फिलिबुस्टेरच्या घरातून मिळालेली आहे. जोफ्रेही हल्ली संध्याकाळी पुळणीवर दिसतो. वारा खातोय म्हणतो.

अर्थात सरपंच तो सरपंचच. जानेवारीच्या सभेत त्याने पहिला विषय आणला: नियमावलीत हरवलेलं पान चार पुन्हा घालणे. तालुक्याच्या गावाहून ते मागवून घेतलं होतं. कोणत्याही सभासदाने कोणत्याही विषयावर तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. लोक पुन्हा जमले होते, मावशी आता काय करते ते बघायला. एर्मेंगोलने तर घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं.

जोफ्रेने पान वाचलं आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

मावशीने नकारार्थी मान हलवली.

"मतदान." चार हात वर आले. पाचवा मावशीचा, तोही वर.

जोफ्रेला राहवलं नाही. "मावशी, कळलं ना तुम्हाला? यापुढे तुम्हाला फक्त तीन मिनिटं."

"चालतील," टेक्लामावशी म्हणाली. "शिपाई होते तेव्हा माझं स्वतःचं एकही नव्हतं."